ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला, आता काय? वीजजोडणीपासून फ्यूज बदलण्यापर्यंत सगळं सोप्या शब्दांत

संध्याकाळी लाईन गेली. अर्ध्या तासाने आली, पंखा फिरू लागला, दिवे लागले, पण टीव्हीखालचा ॲम्प्लिफायर गप्प. त्याचा पुढचा लाल दिवाही लागत नाही. मागच्या बाजूला एक छोटी गोल टोपी असते, ती फिरवली की काचेची नळी हातात येते. आतली बारीक तार तुटलेली दिसते. यवतमाळपासून उमरखेडपर्यंत आणि वणीपासून दिग्रसपर्यंत कोणत्याही घरात पुढचं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "वायरमधली एक तार काढ अन् गुंडाळून दे, चालते."

चालतं हे खरं आहे. अडचण तीच आहे. ॲम्प्लिफायर चालू होतो, गाणं लागतं आणि घरातलं एक संरक्षण कायमचं निघून गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

ॲम्प्लिफायरला वीज कशी द्यावी, फ्यूज का उडतो, तो बदलायचा कसा आणि कुठे थांबून मेकॅनिककडे जायचं, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- फ्यूज घराला आगीपासून वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवण्याचं काम अर्थिंग आणि आरसीसीबी करतात.
- नवा फ्यूज जुन्याच आकाराचा, त्याच ॲम्पिअरचा, त्याच प्रकारचा आणि २५० व्होल्टचा हवा.
- फ्यूज बदलण्याआधी बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढून बाजूला ठेवा.
- नवा फ्यूजही उडाला तर तिसरा लावू नका. दोष आत किंवा स्पीकरच्या वायरमध्ये आहे.
- तार, चांदी, खिळा किंवा जास्त ॲम्पिअरचा फ्यूज कधीच लावू नका.

फ्यूज नेमकं काय वाचवतो?

फ्यूज म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेला तारेचा तुकडा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहू लागला की तो वितळतो आणि वीज तुटते.

एक साधा हिशोब करू. दोन चॅनेलला प्रत्येकी ५० वॅट देणारा घरगुती ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात वाजत असेल, तर तो विजेच्या लाईनमधून साधारण २०० वॅट घेतो, कारण बरीच वीज उष्णतेत जाते. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. २०० भागिले २३० म्हणजे १ ॲम्पिअरपेक्षाही कमी प्रवाह. म्हणून अशा ॲम्प्लिफायरला १ ते २ ॲम्पिअरच्या आसपासचा फ्यूज असतो.

आता त्याजागी लवचिक वायरमधली एक तार गुंडाळली असं समजा. घरगुती वायरमधली अशी तार साधारण ०.२ मिलीमीटर जाडीची असते आणि ती वितळायला जवळपास ७ ॲम्पिअर लागतात. दोन तारा एकत्र पिळल्या तर त्याहून बरेच जास्त. मधल्या काळात ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष होऊन ३ ॲम्पिअर वाहू लागले, तर ती तार काहीच करणार नाही. २३० गुणिले ३ म्हणजे ६९० वॅट. एका छोट्या इस्त्रीइतकी उष्णता बंद डब्यात तयार होत राहील आणि घरातला एमसीबीही पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ३ ॲम्पिअर म्हणजे रोजचाच भार आहे. आधी वार्निश जळल्याचा वास येतो, मग धूर. जवळ पडदा, लाकडी शोकेस किंवा कापडी कव्हर असेल तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको.

आणखी एक फरक फार महत्त्वाचा आहे. २ ॲम्पिअर म्हणजे २००० मिलीॲम्पिअर. माणसाच्या छातीतून ३० मिलीॲम्पिअरच्या वर प्रवाह काही क्षण वाहिला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओल्या हाताने २३० व्होल्टला स्पर्श झाला, तर शरीरातून दीडशे मिलीॲम्पिअरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो. तो जीवघेणा असतो, पण फ्यूजच्या दृष्टीने तो काहीच नाही. म्हणजे फ्यूज अगदी योग्य असला तरी शॉक लागताना तो उडणार नाही. त्यासाठी दुसरी व्यवस्था लागते.

अर्थिंग, काळी माती आणि उन्हाळा

ॲम्प्लिफायरचा डबा बहुतेक वेळा पत्र्याचा असतो. आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, उंदराने कुरतडली किंवा पाल अडकून शॉर्ट झालं, तर तो सगळा पत्रा जिवंत होतो. तीन पिनच्या प्लगमधली वरची लांब, जाड पिन यासाठीच असते. ती पत्र्याला अर्थशी जोडते. दोष झाला की वीज त्या वाटेने जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो.

पण अर्थिंग चांगलं असेल तरच हे घडतं. यवतमाळ जिल्ह्यात इथेच खरी मेख आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात कापसाची काळी जमीन आहे. ही माती ओली असते तेव्हा विजेसाठी चांगली वाट असते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा पाइप किंवा सळई मातीपासून सुटी होते. जिथे वरवर मुरूम आणि खाली बेसाल्टचा खडक आहे, तिथे तर रोध मुळातच जास्त असतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. पावसाळ्यात अर्थच्या वाटेचा एकूण रोध २० ओहम असेल, तर दोष झाल्यावर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर वाहतील. २ ॲम्पिअरचा फ्यूज लगेच उडेल. मे महिन्यात तोच रोध २०० ओहम झाला, तर फक्त १.१५ ॲम्पिअर वाहतील. फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही आणि ॲम्प्लिफायरचा पत्रा जिवंतच राहील. ॲम्प्लिफायर कदाचित वाजतही राहील. बाजूच्या कूलरमुळे फरशी ओली आहे आणि लहान मूल आवाज वाढवायला हात लावतं, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

म्हणून दोन गोष्टी करा.

पहिली, अर्थिंगची काळजी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यातच, परवानाधारक वायरमनकडून ते मोजून घ्या. पावसाळ्यात मोजलेला आकडा मे महिन्यात खरा राहत नाही.

दुसरी, मेन बोर्डात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत पाहतो. ३० मिलीॲम्पिअरचा फरक पडायच्या आतच तो वीज तोडतो. वरच्या उदाहरणातले १.१५ ॲम्पिअर म्हणजे ११५० मिलीॲम्पिअर, म्हणजे कोरड्या मातीतही तो काम करेल. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. मात्र कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला फरक कळत नाही. त्यामुळे तो आहे म्हणून उघड्या वायरला हात लावायचा नाही.

ॲम्प्लिफायरला वीज कशी द्यावी?

*तीन पिन की दोन पिन?* डब्यावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर ते उपकरण दुहेरी इन्सुलेशनचं आहे. त्याला दोन पिनांचा प्लग चालतो. चिन्ह नसेल आणि डबा पत्र्याचा असेल, तर तीन पिन हव्यातच. बाजारात स्थानिक मेकॅनिकने जोडून दिलेले असेंबल्ड ॲम्प्लिफायर मिळतात. ट्रान्सफॉर्मर, बोर्ड, पत्र्याची पेटी आणि मागे साधी दोन तारांची वायर. आवाज उत्तम, किंमत कमी, पण अर्थ नाही. असा ॲम्प्लिफायर घरात असेल, तर त्याच मेकॅनिककडे नेऊन तीन तारांची वायर लावून घ्या आणि हिरवी-पिवळी तार पेटीच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट जोडून घ्या. काम छोटं आहे, फरक मोठा आहे.

*घुंss आवाज येतो म्हणून अर्थ पिन काढायची का?* नाही. टीव्ही, डिश आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले की कधी कधी असा आवाज येतो. अर्थ पिन कापली की तो थांबतो, पण संरक्षणही थांबतं. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावून पाहा, डिशची केबल काढून पाहा, ऑडिओची वायर बदलून पाहा.

*एक्स्टेन्शन बोर्ड.* ॲम्प्लिफायर स्वतः फार वीज घेत नाही. प्रश्न येतो त्याच बोर्डावर कूलर, इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लावला की. असं करू नका. प्लग, सॉकेट आणि वायर आयएसआय चिन्हाच्या घ्या. सॉकेट सैल असेल, ठिणगी पडत असेल किंवा प्लग गरम लागत असेल, तर सॉकेट बदला.

*कमी-जास्त व्होल्टेज.* एकाच डीपीवर घरं आणि शेतीपंप असले की पंप सुरू होताना व्होल्टेज खाली येतं आणि बंद होताना वर जातं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला कमी व्होल्टेजमध्ये जोर मिळत नाही, आवाज फाटतो. एसएमपीएस असलेला ॲम्प्लिफायर तेवढीच ताकद मिळवायला जास्त प्रवाह ओढतो. हा त्रास रोजचा असेल तर हाय-लो कट असलेला स्टॅबिलायझर लावा. तो निवडताना जाहिरातीतला पीएमपीओचा आकडा पाहू नका, मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट पाहा.

*इन्व्हर्टर.* साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर नीट चालतो. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि जास्त तापू शकतो. तसा इन्व्हर्टर असेल तर लाईन गेल्यावर ॲम्प्लिफायर बंद ठेवा.

*जागा.* उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा ॲम्प्लिफायरला श्वास घ्यायला जागा हवी. चारही बाजूंनी आणि वर हाताच्या चार बोटांएवढी तरी मोकळी जागा ठेवा. वर विणलेलं कव्हर, फोटो किंवा पाण्याचा तांब्या नको. कूलरच्या तुषारांच्या वाटेत तर तो अजिबात नको.

फ्यूज का उडतो?

कारणं बरीच आहेत, पण घरी साधारण हीच सापडतात:

- स्पीकरच्या वायरचे सुटे केस एकमेकांना लागले. मागच्या क्लिपमध्ये वायर खोचताना एक बारीक तार बाहेर राहिली तरी पुरते.
- एका चॅनेलला जास्त स्पीकर जोडले. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि प्रवाह वाढतो. तुमचा ॲम्प्लिफायर किती ओहमपर्यंत चालतो, ते मागे लिहिलेलं असतं.
- लाईन येताना झटका बसला किंवा व्होल्टेज फार वाढलं.
- आतला आउटपुट ट्रान्झिस्टर, आयसी किंवा रेक्टिफायर शॉर्ट झाला.
- पाल, मुंग्या, उंदीर किंवा ओल.
- फ्यूज जुना झाला. दर वेळी ॲम्प्लिफायर सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह वाहतो. वर्षानुवर्षं असे झटके खाऊन तार थकते आणि एक दिवस विनाकारण तुटते.

काच पाहून थोडा अंदाज येतो. काच स्वच्छ आणि तार मधोमध तुटलेली असेल, तर भार थोडा वाढला होता किंवा फ्यूज थकला होता. काच काळी पडली असेल किंवा आतून आरशासारखी चकाकत असेल, तर मोठा शॉर्ट झाला आहे. अशा वेळी नवा फ्यूज लावून पाहण्यापेक्षा ॲम्प्लिफायर सरळ मेकॅनिककडे न्या.

फ्यूजवरची अक्षरं कशी वाचायची?

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरांत माहिती कोरलेली असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून पाहा. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

*आकार.* घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये दोन आकार जास्त दिसतात: २० मिलीमीटर लांब व ५ मिलीमीटर जाड, आणि ३२ मिलीमीटर लांब व साधारण ६ मिलीमीटर जाड.

*ॲम्पिअर.* हा आकडा म्हणजे फ्यूज सुखाने पेलेल तो प्रवाह. त्यापेक्षा जरा वर गेलं की तो लगेच उडत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार असा छोटा फ्यूज दीडपट प्रवाह किमान एक तास सोसतो. म्हणून १ ॲम्पिअरच्या जागी ३ ॲम्पिअरचा फ्यूज लावणं म्हणजे साडेचार ॲम्पिअर तासभर वाहू देणं.

*वेग.* इंग्रजी 'एफ' अक्षर म्हणजे झटपट उडणारा आणि 'टी' म्हणजे सावकाश उडणारा फ्यूज. ट्रान्सफॉर्मरला सुरू होताना मोठा प्रवाह लागतो, त्यामुळे मुख्य फ्यूज बरेचदा 'टी' असतो. तिथे 'एफ' लावला तर तो सुरुवातीलाच उडेल आणि ॲम्प्लिफायर बिघडलाय असं वाटेल. उलट 'एफ'च्या जागी 'टी' लावला तर संरक्षण उशिरा मिळेल.

*व्होल्ट.* २५० व्होल्ट लिहिलेलाच घ्या. गाडीत वापरायचे ३२ व्होल्टचे काचेचे फ्यूज दिसायला सारखे असतात, पण २३० व्होल्टवर ते उडाल्यावरही आत ठिणगी चालू राहू शकते. मूळ फ्यूज पांढऱ्या सिरॅमिकचा असेल तर तसाच आणा. तो मोठा शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकतो, साध्या काचेच्या फ्यूजला ते जमत नाही.

फ्यूजवरचं काही वाचता येत नसेल, तर फ्यूजच्या टोपीजवळ ॲम्प्लिफायरवरच आकडा छापलेला असतो. दोन्हींत फरक असेल तर डब्यावरचा आकडा खरा माना. आधी कोणीतरी चुकीचा फ्यूज लावून ठेवला असण्याची शक्यता असते. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या ॲम्प्लिफायरवर ११० आणि २२० व्होल्टसाठी वेगवेगळे आकडे असतात. २२०च्या पुढचा, म्हणजे छोटा आकडा आपला. मागे व्होल्टेज निवडायचं बटण असेल तर तेही २२० किंवा २३० वरच आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहा.

फ्यूज बदलायचा कसा?

हे फक्त बाहेरून उघडणाऱ्या फ्यूजसाठी आहे. म्हणजे मागची गोल टोपी किंवा वायर जिथे खोचतो तिथला छोटा खण. फ्यूज आत बोर्डावर असेल तर ते मेकॅनिकचं काम आहे.

१. ॲम्प्लिफायरचं बटण बंद करा, मग भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग ओढून काढा. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असू शकतात. तसं असेल तर बटण बंद करूनही वायरमध्ये वीज असते. काढलेला प्लग तुमच्या नजरेसमोर ठेवा, म्हणजे कोणी नकळत लावणार नाही.

२. पाच-दहा मिनिटं थांबा. हात आणि फरशी कोरडी आहे ना ते पाहा. पायात चप्पल असू द्या.

३. टोपी बोटाने किंवा योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने किंचित दाबून डावीकडे फिरवा. खण असेल तर वायर काढल्याशिवाय तो उघडत नाही. त्यात कधी कधी एक जादा फ्यूजही ठेवलेला असतो.

४. जुना फ्यूज काढा. मल्टिमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर लावून तपासा. सिरॅमिक फ्यूज डोळ्यांनी कळत नाही, मल्टिमीटरच लागतो.

५. फ्यूज बसतो ती जागा पाहा. प्लास्टिक वितळलेलं किंवा पितळ काळं झालेलं असेल तर इथेच थांबा. ती जागाही बदलावी लागेल.

६. दुकानात जाताना जुना फ्यूज सोबत न्या आणि चारही गोष्टी जुळवून नवा आणा. एक जादा घेऊन ठेवा. काही रुपयांचं काम आहे.

७. नवा फ्यूज लावा, टोपी घट्ट करा. स्पीकरच्या सगळ्या वायर आणि ऑडिओच्या वायर काढून ठेवा. आवाज शून्यावर आणा.

८. प्लग लावून सुरू करा आणि पाच मिनिटं जवळ थांबा. वास, धूर किंवा मोठी घरघर आली तर लगेच प्लग काढा.

९. सगळं ठीक असेल तर बंद करा, एक स्पीकर जोडा, पुन्हा सुरू करा. मग बंद करून दुसरा. ज्या स्पीकरला फ्यूज उडेल, त्याची वायर किंवा तो स्पीकर दोषी.

पुन्हा उडाला तर?

स्पीकर न जोडताही नवा फ्यूज उडाला, तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. त्याला कितीही फ्यूज द्या, तो उडवणारच. प्लग काढा आणि मेकॅनिककडे न्या.

चांगल्या मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो. त्यात जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब ॲम्प्लिफायरच्या मालिकेत जोडलेला असतो. ॲम्प्लिफायर आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ०.४३ ॲम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे बाकीचे भाग जळत नाहीत. ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्बने हे जमत नाही. म्हणून जुने तारेचे बल्ब आजही मेकॅनिकच्या दुकानात जपून ठेवलेले दिसतात.

झाकण का उघडू नये?

प्लग काढला म्हणजे वीज संपली, हे ॲम्प्लिफायरच्या बाबतीत खरं नाही. आत डब्यासारखे मोठे कपॅसिटर असतात. ते वीज साठवतात आणि काही मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ धरून ठेवतात. एसएमपीएस असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये त्यांच्यावर ३२५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, म्हणजे भिंतीतल्या विजेपेक्षाही जास्त. या साठ्याला आरसीसीबी थांबवू शकत नाही, कारण तो आधीच डब्याच्या आत आहे. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यात कपॅसिटर फुटू शकतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते. जाणकार मेकॅनिक रेझिस्टर लावून तो हळूहळू उतरवतात आणि नंतर मीटरने तपासतात.

भजनाचा ॲम्प्लिफायर: एक डबा, दोन फ्यूज

गावात अनेक घरांत भजनी मंडळाचा किंवा सभेचा ॲम्प्लिफायर ठेवलेला असतो. तो लाईनवरही चालतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही. त्याच्या मागे बरेचदा दोन फ्यूज असतात, एक एसीचा आणि एक डीसीचा. दोन्ही काचेचे, दिसायला सारखे.

आतून मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा तो ॲम्प्लिफायर १०० वॅट घेतो. २३० व्होल्टवर त्याला अर्ध्या ॲम्पिअरहून कमी प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तेवढ्याच ताकदीसाठी ८ ॲम्पिअरच्या वर. म्हणून डीसीचा फ्यूज मोठ्या आकड्याचा असतो. घाईत तोच काढून एसीच्या जागी लावला, तर ॲम्प्लिफायर वाजेल, पण लाईनच्या बाजूला संरक्षण उरणार नाही. दोन्ही टोप्यांशेजारी रंगाने आकडे मोठे लिहून ठेवा.

वीज कडाडते तेव्हा आणि न्यूट्रल तुटतो तेव्हा

मे-जूनमधल्या वादळी पावसात आणि परतीच्या पावसात वीज पडते. तारेवर आलेल्या त्या झटक्याला फ्यूज रोखू शकत नाही. तो वितळेपर्यंत नुकसान झालेलं असतं. गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप परिसरातल्या विजेची सूचना देतं. वीज कडाडायला लागल्यावर मात्र वायरला हात लावायला जाऊ नका.

दुसरा धोका डीपीपासून येणारा न्यूट्रल तुटण्याचा. तेव्हा काही घरांत व्होल्टेज खाली जातं आणि काही घरांत ४०० व्होल्टच्या दिशेने चढतं. दिवे अचानक फार उजळले, पंखा वेगाने फिरू लागला, तर आधी मेन स्विच बंद करा आणि मग महावितरणला १९१२ वर कळवा. अशा वेळी ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला असेल तर त्याने आपलं काम केलं आहे. पुरवठा सुधारल्याची खात्री होईपर्यंत नवा लावू नका.

शॉक लागला किंवा धूर निघाला तर

माणूस चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने त्याला बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ वर फोन लावायला दुसऱ्याला सांगा. शॉकनंतर माणूस बरा दिसला तरी डॉक्टरला दाखवा.

ॲम्प्लिफायरमधून धूर आला तर मेन बंद करा. पाणी टाकू नका. कोरडी वाळू किंवा पावडरचा अग्निशामक वापरा. आग वाढत असेल तर वस्तू सोडा, माणसं बाहेर काढा.

लोक नेहमी विचारतात

*घरात एमसीबी आहे, मग ॲम्प्लिफायरला फ्यूज कशाला?* एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवतो. तो ६, १६ किंवा ३२ ॲम्पिअरचा असतो. ॲम्प्लिफायरची आतली वायर त्याच्या कितीतरी आधी जळेल.

*२ ॲम्पिअरचा मिळत नाही, १ ॲम्पिअरचा चालेल का?* धोका नाही, पण तो वारंवार उडेल. थांबून योग्य आणणं बरं.

*मेकॅनिककडून परत आल्यावर काय पाहायचं?* मागची टोपी उघडून फ्यूजचा आकडा पाहा आणि तीन पिनांची वायर कायम आहे ना ते पाहा. त्याआधी अर्थात, प्लग काढून.

गणपती किंवा दुर्गोत्सवाच्या आधी घराघरांतले ॲम्प्लिफायर पुसून बाहेर निघतात. त्या दिवशी पाच मिनिटं जास्त द्या. प्लग काढून फ्यूज उघडा, त्यात काचेची नळी आहे की तारेचं वेटोळं, ते बघा. वेटोळं निघालं तर ते फेकून द्या आणि योग्य फ्यूज आणेपर्यंत आरती टाळ्यांवर होऊ द्या.